दुसरी ठिणगी: पल्सर, पेटंट आणि एक अनिर्णित खटला

नवी मुंबईत पाम बीच मार्गावरच्या कुठल्याही सिग्नलला थांबलेल्या दुचाकींमध्ये एखादी पल्सर १५० हमखास असते. तिच्या सिलिंडर हेडमध्ये दोन्ही बाजूंनी एकेक असे दोन स्पार्क प्लग बसवलेले असतात. सिलिंडर एकच, मग ठिणग्या दोन कशाला? प्रश्न गॅरेजमधला वाटतो. परंतु याच दुसऱ्या प्लगवरून दोन भारतीय कंपन्यांमधला वाद २००७ पासून २०१९ पर्यंत चालला, म्हणून तो इतिहासाच्या विद्यार्थ्याचाही आहे. आजचा धागा त्याविषयी.

प्रथम कल्पनेचे वय पाहू. दोन प्लगची युक्ती पुण्यात जन्मली नाही. विमानांच्या पिस्टन इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि त्यांच्यासाठी दोन स्वतंत्र मॅग्नेटो ही व्यवस्था फार जुनी आहे. तिथे मुख्य हेतू सुरक्षेचा. आकाशात इंजिन बंद पडल्यास विमान कडेला घेता येत नाही. इटलीच्या अल्फाने १९१४ च्या ग्रां प्री मोटारीत दोन प्लग बसवले तेव्हा हेतू शक्तीचा होता. रोजच्या वापरातल्या मोटारसायकलीचा हेतू या दोहोंपेक्षा वेगळा आहे, आणि तो कळण्यासाठी सिलिंडरच्या आत डोकवावे लागते.

ठिणगी पडली की मिश्रण एकाच क्षणी पेटत नाही. ज्वाला प्लगपासून निघते आणि पसरत दुसऱ्या टोकाला पोहोचते. दोनच व्हॉल्व्ह असलेल्या हेडमध्ये मधली जागा त्या व्हॉल्व्हनी व्यापलेली असते, त्यामुळे प्लग कडेला सरकतो आणि ज्वालेला जवळपास संपूर्ण व्यास ओलांडावा लागतो. समोरच्या बाजूने दुसरी ठिणगी दिली की प्रत्येक ज्वालेचा प्रवास साधारण निम्मा होतो. मिश्रण लवकर जळते, म्हणून ठिणगी फार आधी द्यावी लागत नाही, आणि इंधनाचे प्रमाण थोडे कमी ठेवले तरी आग विझत नाही.

इथे एक गोष्ट बहुधा दुर्लक्षिली जाते. थ्रॉटल पूर्ण उघडून इंजिन वेगात फिरवले की आत येणारे मिश्रण आपोआपच घुसळले जाते आणि ज्वाला वेगाने धावते. तेव्हा दुसऱ्या प्लगचे काम कमी उरते. खरी अडचण थ्रॉटल जेमतेम उघडलेला असताना येते. ताजे मिश्रण थोडे, मागच्या फेरीचा जळका वायू तुलनेने जास्त, ज्वाला मंद, आणि प्रत्येक स्फोट मागच्यापेक्षा निराळा. ठाणे-बेलापूर रस्त्यावर संध्याकाळी गाडी चालवणाऱ्याचे इंजिन बहुतेक वेळ याच अवस्थेत असते. म्हणून ‘दोन प्लग म्हणजे दुप्पट ताकद’ ही कॉलेजच्या पार्किंगमधली समजूत चुकीची असली, तरी दुसरा प्लग निव्वळ जाहिरातीचा होता हेही खरे नाही. त्याचा लाभ शर्यतीत कमी आणि वाहतुकीच्या कोंडीत अधिक.

याचा उत्तम दाखला जर्मनीतून मिळतो. बीएमडब्ल्यूच्या आर ११५० मालिकेतील मोटारसायकली मध्यम वेगाला स्थिर चालवताना हिसके देत. २००३ च्या सुमारास कंपनीने प्रत्येक सिलिंडरला दुसरा प्लग दिला आणि ही तक्रार बरीच मावळली. त्या सिलिंडरचा व्यास १०१ मिलिमीटर होता. इतक्या लांबच्या प्रवासात ज्वालेला मदत लागणार हे उघड आहे. पण पल्सर १५० चा व्यास साठ मिलिमीटरहूनही कमी. तिथे दुसऱ्या ठिणगीची गरज काय?

याच मुद्द्यावर आकुर्डीच्या अभियंत्यांनी पैज लावली. बजाज ऑटो तोवर मुख्यतः स्कूटरसाठी ओळखली जाई, आणि तिच्या मोटारसायकलींमागे १९८० च्या दशकापासून कावासाकीचे तंत्रज्ञान होते. २००१ च्या अखेरीस आलेली पल्सर ही कावासाकीच्या छायेतून बाहेर पडण्याची खूण होती. ती मात्र एकाच प्लगची होती. १६ जुलै २००२ रोजी कंपनीने पेटंटसाठी अर्ज केला आणि २००३ मध्ये ‘डीटीएस-आय’ पल्सर बाजारात आली. ग्राहकाला ॲव्हरेज हवे होते, शासनाला स्वच्छ धूर हवा होता, आणि कार्ब्युरेटर व दोन व्हॉल्व्हचे स्वस्त इंजिन सोडणे परवडणारे नव्हते. या तिहेरी कोंडीतून निघालेली ही वाट होती. हेडच्या एका बाजूला साखळीचा बोगदा आणि तेल असते. तेथून प्लग न्यायचा तर त्याला तेलापासून वाचवणारी नळी हवी. पेटंटच्या दाव्यात ही नळीही होती, आणि ४५ ते ७० मिलिमीटर ही व्यासाची मर्यादाही.

पेटंट क्रमांक १९५९०४ जुलै २००५ मध्ये मंजूर झाले. दोन वर्षांनी टीव्हीएसने ‘फ्लेम’ ही १२५ सीसीची गाडी जाहीर केली: व्हॉल्व्ह तीन, प्लग दोन. वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला. टीव्हीएसचे म्हणणे असे की आमचे इंजिन वेगळे आहे, आणि होंडाच्या जुन्या अमेरिकी पेटंटमुळे बजाजच्या दाव्यात नावीन्यच उरत नाही. बजाजचा भर लहान व्यासाच्या इंजिनात ही योजना यशस्वी करण्यावर होता. फेब्रुवारी २००८ मध्ये एकल न्यायाधीशांनी टीव्हीएसला तात्पुरती मनाई केली. मे २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली. मधल्या काळात टीव्हीएसने फ्लेम चक्क एकाच प्लगसह विकली. १६ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विक्रीचा हिशेब ठेवण्याच्या अटीवर फ्लेमला मोकळीक दिली आणि मूळ दावा त्याच वर्षी ३० नोव्हेंबरपर्यंत निकाली काढण्यास सांगितले.

पुढे तंत्रज्ञानानेच साक्ष फिरवली. रॉयल एनफिल्डच्या कार्ब्युरेटरवाल्या ३५० ला दोन प्लग होते, तर तिच्याच मोठ्या ५०० ला फ्युएल इंजेक्शन आणि एकच प्लग. २०२० च्या मीटिअर ३५० मध्ये इंजेक्शन आले आणि दुसरा प्लग गेला. बजाजच्या घरातली तुलना याहून बोलकी आहे. पल्सर २०० एनएस आणि केटीएम २०० ड्यूक यांचा व्यास एकच, ७२ मिलिमीटर, आणि व्हॉल्व्हही दोघींना चार-चार. एनएसला एक कॅमशाफ्ट आणि तीन प्लग. ड्यूकला दोन कॅमशाफ्ट आणि एक प्लग. शक्ती ड्यूकचीच किंचित जास्त. माझे मत असे की दुसरा प्लग हा दोन व्हॉल्व्ह आणि कार्ब्युरेटर यांच्या युगाचा अस्सल उपाय होता. चांगली श्वसनव्यवस्था आणि मोजून दिलेले इंधन मिळाले की त्याची निकड ओसरते, उपयोग पूर्ण संपत नाही. पल्सर १५० ने तो इंजेक्शननंतरही जपला.

त्याचे एक दुखणेही सांगायला हवे. एक प्लग निकामी झाला तरी गाडी चालतच राहते. चालवणाऱ्याला सकाळी उशिरा सुरू होणारे इंजिन आणि घसरलेले ॲव्हरेज एवढेच जाणवते. सर्व्हिसिंगला दोन्ही प्लग काढून पाहिले जातात ना, याकडे लक्ष असू द्यावे.

मूळ दाव्याचे काय झाले? ३० नोव्हेंबर २००९ ही मुदत उलटून दहा वर्षे होत आली तेव्हा, ऑक्टोबर २०१९ मध्ये, दोन्ही कंपन्यांनी आपसांत तडजोड केली. लहान इंजिनातली दुसरी ठिणगी हा शोध होता की जुन्या कल्पनेचा नवा वापर, यावर अंतिम निवाडा आलाच नाही. पेटंटची वीस वर्षांची मुदतही जुलै २०२२ मध्ये संपली.

कोणाच्या घरी २००१ ते २००३ मधली एका प्लगची पल्सर आणि तिचे माहितीपुस्तक अजून जपलेले असेल, तर छायाचित्र या धाग्याखाली अवश्य टाका.