पाय कुठे टेकला?

आश्रय मागण्यासाठी वेगळा व्हिसा बहुतेक देशांत मिळतच नाही. ज्या देशाचा आसरा हवा, त्याच्या भूमीवर किंवा निदान सीमेवर आधी पोहोचायचे आणि मग अर्ज करायचा, अशी ही उफराटी रीत. तिचा माग काढत आपण इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकातल्या अथेन्सपर्यंत जाऊ. सत्ता बळकावण्याचा सायलॉनचा बेत फसला आणि त्याचे साथीदार अक्रोपोलिसवर अथीनादेवीला शरण गेले. तिथे असेतोवर त्यांच्यावर हात टाकणे पाप, म्हणून खाली उतरून चौकशीला सामोरे जाण्यासाठी त्यांची मनधरणी झाली. प्लुटार्क सांगतो की, त्यांनी देवीच्या मूर्तीला सूत बांधले आणि दुसरे टोक हातात धरून ते उतरू लागले. वाटेत सूत तुटले. देवीनेच आश्रय नाकारला, असे म्हणत अधिकाऱ्यांनी त्यांची कत्तल केली. सूत आपोआप तुटले, असेही प्लुटार्क लिहितो. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मध्ययुगात देवळाची जागा चर्चने घेतली. इंग्लंडमधल्या डरहॅम कॅथीड्रलच्या दारावरची ब्राँझची कडी वाजवणाऱ्या गुन्हेगारालाही 37 दिवसांचे अभय मिळे. खांद्यावर सेंट कथबर्टचा क्रॉस असलेला काळा झगा घालून तो आत राहत असे. 1624 मध्ये कायद्याने ही प्रथा मोडीत काढली. पुढे हे अभय राज्यसंस्थेकडे गेले आणि पवित्र जागेच्या ठिकाणी देशाची सीमा आली.

1951 च्या निर्वासित कराराने निर्वासिताची व्याख्या करताना ‘स्वतःच्या देशाबाहेर असणे’ ही अट घातली. छळाच्या जागी परत धाडू नये, हे बंधनही घातले. मात्र अर्ज करण्यासाठी दूरवरून येऊ द्यावे, असे त्यात कुठेच नव्हते. अमेरिकेच्या 1980 च्या कायद्याने देशात प्रत्यक्ष हजर असलेल्याला, मग त्याचा कायदेशीर दर्जा काहीही असो, अर्जाची मुभा दिली. साहजिकच माणसाला तिथवर पोहोचूच न देण्यात सरकारांना रस निर्माण झाला. हैतीच्या नौका भर समुद्रात अडवून परत पाठवल्या जाऊ लागल्या आणि खुल्या समुद्रात परत न धाडण्याचे बंधन लागू नाही, असा निर्वाळा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये दिला.

क्यूबाच्या लोकांसाठी नियम आणखी बारीक होता: पाय कोरडा तर राहा, ओला तर परत जा. जानेवारी 2006 मध्ये 15 क्यूबन फ्लोरिडातल्या जुन्या सेव्हन माइल ब्रिजवर चढले. पुलाचे काही गाळे काढलेले होते, त्यामुळे ते उभे होते तो भाग जमिनीला जोडलेला नव्हता. सबब हा पाय ओलाच, असे ठरवून त्यांना क्यूबाला परत धाडले गेले. न्यायाधीशाने तो निर्णय नंतर गैरवाजवी ठरवला. सायलॉनच्या माणसांच्या सुताचा हा तुटका पूल थेट वारस म्हणायला हरकत नाही.

सीमेपर्यंत न पोहोचता अर्ज करण्याची दुसरी वाट वकिलातीची होती. स्वित्झर्लंडने वकिलातीत अर्ज घेणे 2012 मध्ये बंद केले. अलेप्पोच्या एका सीरियन कुटुंबाने बैरूतच्या बेल्जियन वकिलातीत व्हिसा मागितला, तेव्हा युरोपीय न्यायालयाने 2017 मध्ये सांगितले की, युरोपीय कायद्यानुसार तो देणे बंधनकारक नाही. जानेवारी 2023 पासून मेक्सिकोत थांबलेल्यांना अमेरिकी सीमाचौकीवरची वेळ सीबीपी वन या मोबाइल ॲपवर घ्यावी लागे. माणूस ठरवून दिलेल्या टापूत आहे की नाही, हे आता फोनच्या लोकेशनवरून ठरे. 20 जानेवारी 2025 रोजी ही सोय बंद झाली आणि आधी मिळालेल्या वेळाही रद्द झाल्या.