‘केमिकल लोचा’ नावाचा हेत्वाभास

नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना हल्ली एक वाक्य हमखास ऐकायला मिळते : ‘मेंदूतले सेरोटोनिन कमी झाले आहे, गोळ्यांनी ते भरून निघेल.’ २००६ च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’नंतर मेंदूतल्या अशा बिघाडाला ‘केमिकल लोचा’ हे नावही घरोघर मिळाले. हे मत सोयीचे आहे आणि ते सांगणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगलाच असतो. पण पुराव्याच्या कसोटीवर ते टिकत नाही.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात आयप्रोनियाझिड हे नवे औषध दिलेले क्षयरोगी एकाएकी उल्हसित दिसू लागले. हे औषध सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन अशा रसायनांचे विघटन रोखते, असे आढळले. पुराव्याचा दुसरा धागा मुंबईतून जातो. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधून सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरचा गुण जगापुढे ठेवला. सर्पगंधेतून पुढे वेगळे काढलेले रेसर्पिन हीच रसायने मेंदूतून आटवते, आणि ते घेणारे काही रोगी खिन्न झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या. रसायने वाढली की मन उभारी धरते, आटली की खचते : अन्वय जुळला, व्यतिरेकही जुळला. १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरअ‍ॅड्रेनलिनवर आणि १९६७ मध्ये अ‍ॅलेक कॉपेन यांनी सेरोटोनिनवर भर देणारी मांडणी केली. आपले चित्र अतिसुलभ असल्याचे शिल्डक्राउट यांनी स्वतःच बजावले होते. १९८७ च्या अखेरीस सेरोटोनिनवर काम करणाऱ्या प्रोझॅक या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली, तशाच आणखी गोळ्या आल्या, आणि त्यांच्या जाहिरातींच्या गदारोळात ही सावधगिरी हरवली.

आता खंडन. पहिला आक्षेप व्यतिरेकावरच आहे. १९५५ मध्ये डेव्हिस आणि शेफर्ड या लंडनच्या संशोधकांनी चिंता व खिन्नतेच्या रोग्यांना रेसर्पिन देऊन पाहिले, तर त्यांची अवस्था सुधारलेली आढळली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला हा प्रयोग पुढे कित्येक वर्षे कोणी फारसा आठवला नाही. नंतर अधिक थेट परीक्षा झाली. सेरोटोनिनचा कच्चा माल असलेले ट्रिप्टोफॅन आहारातून काढून घेतले, तरी निरोगी माणसे सहसा खिन्न होत नाहीत. आधी नैराश्य येऊन गेलेल्या आणि सेरोटोनिनवर काम करणाऱ्या औषधाने बऱ्या झालेल्या काहींना मात्र ते पुन्हा गाठते. म्हणजे सेरोटोनिनचा संबंध आहे. पण त्याची कमतरता हे नैराश्याचे पुरेसे कारण नाही.

दुसरा आक्षेप काळाचा. या गोळ्या काही तासांतच चेतापेशींमधल्या फटीतले सेरोटोनिन वाढवतात, पण मनाला उतार पडायला काही आठवडे जातात. तूट भरून काढणे एवढाच प्रश्न असता, तर इतका उशीर का लागावा? उलट केटामाइन हे औषध ग्लुटामेट या वेगळ्याच रसायनाच्या वाटेने काही तासांत काही रोग्यांना आराम देते.

तिसरा आक्षेप तर्काचा. औषधाच्या गुणावरून रोगाचे कारण ठरवणे हा हेत्वाभास आहे. पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणून शरीरात पॅरासिटामॉल कमी पडले होते, असे कोणी म्हणत नाही. खऱ्या तुटीचा रोग कसा असतो, हे पार्किन्सनमध्ये दिसते. तिथे मेंदूच्या ठरावीक भागातल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात, हे शवविच्छेदनात दिसते आणि डोपामिनचा कच्चा माल असलेले लेव्होडोपा दिले की हालचाल सुधारते. नैराश्यात असा पुरावा सापडलेला नाही. शरीरातले नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात बनते आणि रक्तातून ते मेंदूत शिरू शकत नाही. त्यामुळे रक्त तपासून मेंदूतली ‘पातळी’ सांगता येत नाही. जोआना मॉन्क्रीफ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये उपलब्ध पुराव्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हाही कमी सेरोटोनिनमुळे नैराश्य येते याला सातत्यपूर्ण आधार मिळाला नाही.

यावरून दुसऱ्या टोकाचा पक्ष उभा राहतो : मग गोळ्या म्हणजे निव्वळ फसवणूक. हाही तोच हेत्वाभास, फक्त उलटा केलेला. कारणाची उपपत्ती पडली म्हणून औषधाचा गुण पडत नाही. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या विश्लेषणात ५२२ चाचण्या आणि एक लाख सोळा हजारांहून अधिक रोगी होते. त्यातली एकवीसही औषधे बनावट गोळीपेक्षा सरस ठरली. बहुतेकांची सरशी माफक होती, पण ती खरी होती. म्हणून हे वाचून कोणी आपल्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. एकदम थांबवल्यास गरगरणे, अस्वस्थता, झोपमोड असे त्रास होऊ शकतात. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवावी लागते.

तिसरा पक्ष म्हणतो, सिद्धान्त कच्चा असेना, त्याने रोग्याला लागणारा बोल तर टळतो. हे अर्धेच खरे. अभ्यासांत असे दिसते की जैविक कारण सांगितल्याने दोषारोप कमी होतो, पण ‘हे आता कायमचेच’ ही निराशाही वाढते. जो आधीच हताश आहे, त्याला ‘तुझा मेंदूच बिघडला आहे’ असे सांगणे हा कसला दिलासा?

मग मंडन कशाचे करायचे? शरीर आणि मन एकमेकांत गुंतले आहेत, याचे. थायरॉइड मंदावले किंवा बी-१२ जीवनसत्त्व घटले तरी मन खचते. म्हणून नैराश्याच्या रोग्याच्या या तपासण्या करणे योग्यच. हेपटायटिस सी वर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने देत, तेव्हा अनेक रोग्यांना नैराश्य येई. म्हणजे प्रतिकारशक्तीची चिथावणीही मनापर्यंत पोहोचते. दीर्घ नैराश्य उलट हृदयविकाराचा धोका वाढवते. रसायने या सगळ्यात आहेत, पण कर्ज, शोक, मारहाण, एकाकीपण यांचे परिणामही त्यांच्याच वाटेने शरीरात उतरतात.

याचा व्यावहारिक अर्थ गोव्यात दिसला. ‘संगाथ’ संस्थेने विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांसोबत तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रोग्यांवर चाचणी घेतली. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत रोग्यांना पुन्हा कामात, नात्यांत, दिनक्रमात आणण्याची उपचारपद्धती वापरली. २०१७ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या बैठका मिळालेल्यांतले ६४ टक्के रोगी नैराश्यातून सावरले होते. केवळ नेहमीची, थोडी सुधारित सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. या बैठकांत कोणी कोणाला सेरोटोनिन दिले नव्हते.

म्हणून रोग्याला सांगायचे ते असे : तुझा आजार खरा आहे, त्याची कारणे अनेक आहेत, औषध त्यातल्या एका वाटेने मदत करेल आणि बाकीच्या वाटा आपण मिळून शोधू. ‘लोचा’ या एका शब्दाहून हे लांबलचक आहे. पण रोग्याला खोट्या खात्रीपेक्षा खरी आशा देण्यासाठी एवढे बोलण्याची तसदी डॉक्टरांनी आणि घरच्यांनी घ्यायला हवी.