एका पैशाचें मोल

रुपयाचे ६४ पैसे होत, त्या काळची ही गोष्ट. स्वदेशी उद्योग निघावेत असें सर्वांस वाटे. भांडवल कोठून आणावें, हा प्रश्न होता. अंताजी दामोदर काळे यांनीं साधा हिशेब मांडला: प्रत्येकानें वर्षाकांठीं एकच पैसा द्यावा. ६४ लक्ष माणसें मिळालीं, कीं एक लक्ष रुपये उभे राहतात. हिशेब बिनचूक होता. वसुली मात्र कठीण. एका रुपयासाठीं चौसष्ट जणांपुढें हात पसरावा लागे. काळे गांवोगांव हिंडले. पुढें लोकमान्य टिळकांनीं या ‘पैसा फंडा’स पाठबळ दिलें आणि १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें फंडाचा कांचकारखाना निघाला. परदेशांत कांचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथें ती शिकवूं लागले. त्याच वर्षीं टिळकांची रवानगी मंडालेच्या तुरुंगांत झाली; पण कारखाना थांबला नाहीं. त्यानें कंदिलाच्या कांचा काढल्या, तसेच कारागीरही घडविले.

लक्षाधीशाची देणगी संस्थेस एक आश्रयदाता मिळवून देते. पैशापैशाची वर्गणी तिला हजारों धनी मिळवून देते. एक पुढारी दूर गेला, तरी हे धनी घरींच असतात.