मरियाभक्ती

मरियाभक्ती : येशू ख्रिस्ताची माता मरिया हिला कॅथलिक परंपरेत दिला जाणारा विशेष मान, तिच्याकडे केली जाणारी मध्यस्थीची विनवणी आणि त्यांतून आकाराला आलेले सण, प्रार्थना व तीर्थक्षेत्रे. कॅथलिक लोक मरियेला देव मानतात, हा या भक्तीविषयीचा सर्वांत जुना आणि चिवट गैरसमज होय. प्रॉटेस्टंट ख्रिस्ती तो आक्षेप म्हणून मांडतात. मरियेला ख्रिस्त्यांची देवी समजणारे अन्यधर्मीय भाविक तोच श्रद्धेने बाळगतात. चर्चची शिकवण मात्र स्पष्ट आहे. मरिया माणूस आहे, देवाने निर्माण केलेली आहे. आराधना एकट्या देवाची.

धर्मशास्त्रात यासाठी तीन संज्ञा रूढ आहेत. देवाला वाहिली जाणारी आराधना ती ‘लॅट्रिया’, संतांना दिला जाणारा मान तो ‘डुलिया’ आणि मरियेला दिला जाणारा सर्वश्रेष्ठ मान तो ‘हायपरडुलिया’. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने या भेदाची पद्धतशीर मांडणी केली. या तीन संज्ञा ओळीने वाचल्या की त्या एकाच जिन्याच्या पायऱ्या वाटतात आणि मरिया देवाच्या एकच पायरी खाली उभी दिसते. घोटाळ्याचे मूळ इथे आहे. संत आणि मरिया यांच्या मानात फरक आहे तो प्रमाणाचा. मरियेचा मान आणि देवाची आराधना यांत फरक आहे तो जातीचा. मान कितीही वाढवला तरी त्याची आराधना होत नाही.

मग हा फरक ओळखायचा कशावरून? गुडघे टेकणे, मेणबत्ती लावणे, हार घालणे यांवरून तो ओळखता येत नाही, कारण या क्रिया दोन्हीकडे सारख्याच. खरी कसोटी यज्ञार्पणाची आहे. चौथ्या शतकात सायप्रसमधील सलामिसचा बिशप एपिफेनियस याने पाखंडांची जी मोठी यादी केली, तीत मरियेच्या नावाने भाकरी अर्पण करणाऱ्या स्त्रियांच्या एका पंथाची नोंद आहे. त्याने त्या प्रथेचा कडक निषेध केला : मरियेला मान द्यावा, पण आराधना पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचीच व्हावी. संत ऑगस्टीनने हुतात्म्यांविषयी हाच दंडक सांगितला. त्यांच्या स्मरणार्थ वेदी उभारली तरी वेदीवरचे अर्पण देवालाच. आजही मरियेच्या सणाचा मिस्सा, म्हणजे वेदीवरील यज्ञार्पणाचा विधी, मरियेला अर्पण होत नाही. तिच्या स्मरणात तो देवाला अर्पण होतो. मरियाभक्तीवरची बरीचशी चर्चा ही एक गोष्ट नजरेआड करून चालते, म्हणून ती मूर्ती आणि मेणबत्त्यांतच अडकून पडते.

मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवरील माउंट मेरी बॅसिलिकेत हे जवळून पाहता येते. 8 सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिन. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर तेथे जत्रा भरते. कोळी आणि ईस्ट इंडियन या स्थानिक ख्रिस्ती समाजातील लोकांची ही ‘मोत माउली’. चढणीवरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, घर, बाळ मिळते. ज्याचा जो नवस, ती वस्तू. कॅथलिकांच्या बरोबरीने इतर धर्मांचे लोकही रांगेत असतात. मेणाचा पाय माउलीपुढे ठेवला जातो तो गाऱ्हाणे म्हणून किंवा कृतज्ञता म्हणून. वेदीवर चाललेला मिस्सा मात्र तिच्यासाठी नसतो. रांगेतल्या प्रत्येकाच्या मनात हा भेद लख्ख असेल असे नाही, आणि चर्चलाही याची जाणीव आहे.

प्रार्थनांच्या रचनेतही हा भेद विणलेला आहे. 1587 मध्ये पोप सिक्स्टस पाचवे यांनी मान्यता दिलेल्या लोरेटोच्या मरिया-स्तवनमालेत आरंभी देवाला हाक मारली की समुदाय दयेची याचना करतो. मरियेचे एकेक बिरूद उच्चारले की प्रतिसाद बदलतो आणि तिला फक्त आपल्यासाठी विनंती करण्यास सांगितले जाते. रोजरीच्या माळेवरचा आक्षेप हिशेबाचा असतो : दहा मण्यांच्या प्रत्येक गटात येशूने शिकवलेली प्रार्थना एकदा आणि मरियेची दहा वेळा. पण ओठ मरियावंदनाचे शब्द म्हणत असताना मन ज्या रहस्यांचे चिंतन करते ती जवळजवळ सगळी येशूच्या जीवनातली आहेत. शिवाय त्या वंदनाचा पूर्वार्ध लूकच्या शुभवर्तमानातून, देवदूत आणि एलिझाबेथ यांच्या तोंडून आलेला आहे.

इ.स. 431 च्या एफेसस परिषदेने मरियेला ‘देवमाता’ म्हटले. वाद होता ख्रिस्ताविषयी : तिच्या पोटी जन्मलेला तो देव आणि मानव असा एकच आहे, हे परिषदेला ठामपणे सांगायचे होते. देवाला जन्म देणारी म्हणून ती देवाच्याही आधीची, असा अर्थ त्यात कधीच नव्हता. 787 च्या दुसऱ्या नायसिया परिषदेने प्रतिमांना मान द्यावा की नाही हा प्रश्न सोडवला. प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेतल्या व्यक्तीला पोहोचतो. खरी आराधना मात्र देवाचीच.

टीका केवळ बाहेरून झाली असेही नाही. बाराव्या शतकातला क्लेअरव्होचा बर्नार्ड मरियेचा थोर भक्त, पण तिच्या निष्कलंक गर्भसंभवाचा (म्हणजे ती स्वतः आईच्या पोटी मूळ पापाच्या डागाविना आली, या श्रद्धेचा) सण सुरू करण्यास त्याने विरोध केला. हा सिद्धान्त पुढे 1854 मध्ये पोप पायस नववे यांनी घोषित केला आणि तिच्या सदेह स्वर्गारोहणाचा 1950 मध्ये पायस बारावे यांनी. दोन्हींवर प्रॉटेस्टंटांचा आक्षेप आहे, कारण त्यांना बायबलमध्ये स्पष्ट आधार दिसत नाही. मरियेच्या मध्यस्थीविरुद्ध, देव आणि माणूस यांच्यामध्ये ख्रिस्त हा एकच मध्यस्थ, हे पौलाच्या नावे असलेल्या पत्रातले विधान ते पुढे करतात. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला गैरसमज म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. खुद्द मार्टिन ल्यूथरने मात्र 1521 मध्ये मरियेच्या स्तोत्रावर आदराने भाष्य लिहिले होते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मरियेवर स्वतंत्र दस्तऐवज असावा की चर्चविषयक दस्तऐवजातच तिचा विचार व्हावा, यावर 29 ऑक्टोबर 1963 रोजी मतदान झाले. 1,114 विरुद्ध 1,074 अशा निसटत्या बहुमताने दुसरा पर्याय स्वीकारला गेला. त्यानुसार 1964 च्या दस्तऐवजातील आठव्या प्रकरणाने मरियेला श्रद्धावंतांच्या समुदायात बसवले, तिच्या मध्यस्थीने ख्रिस्ताच्या मध्यस्थीत काही भर पडत नाही की घटही होत नाही असे सांगितले आणि भक्तीतील अतिशयोक्ती व कोतेपणा दोन्ही टाळण्याची सूचना केली. 1974 मध्ये पोप पॉल सहावे यांनी भोळसट समजुतींविरुद्ध पुन्हा इशारा दिला. काही भक्तमंडळे मरियेला ‘सहतारक’ हे बिरूद अधिकृतपणे मिळावे म्हणून दीर्घकाळ प्रयत्नशील होती. नोव्हेंबर 2025 मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धान्तविषयक विभागाने ते अयोग्य ठरवले. वारंवार खुलासा करावा लागणारे बिरूद श्रद्धेच्या उपयोगाचे नाही, असे कारण त्यात दिले आहे.