हजेरीतलं नाव

बुऱ्हाणपुरात बाळंतपणाचा विषय निघाला की गाडी आधी मुमताजवर जाते. आमच्या बुधवारा मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्याही तिथूनच सुरुवात करत. 1631 च्या जूनमध्ये ती इथे, तापीकाठी, चौदाव्या बाळंतपणात गेली. नदीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात तिला पुरलं आणि सहाएक महिन्यांनी आग्र्याला नेलं. आजी हे शेजारणीची हकीकत सांगावी तसं सांगायची आणि मग म्हणायची, "बादशाची बायको, म्हनून लिहून ठेवलं. त्या साली बाकीच्या किती गेल्या, कोनी मोजल्या?" त्या साली गुजरात-दख्खनेत मोठा दुष्काळ होता, हे मी नंतर वाचलं. आजीने पुस्तक न वाचताच नेमकं बोट ठेवलं होतं.

आजीची थोरली बहीण लग्नानंतर खानदेशातल्या एका गिरणीत रीळ खात्यात लागली. बाळंतपणाला ती माहेरी, बुधवाऱ्यात आली ती बिनपैशाची. पोट दिसायला लागलं आणि मुकादमाने तिचं नाव हजेरीतून काढलं. "कायदा झाला व्हता म्हने," मोठी आजी सांगायची, "पन कायदा यायच्या आधी माझं नाव गेलं." सांगताना ती हसायची. लहानपणी मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळत नसे.

कायदा खरंच झाला होता, आणि तो काही सहज झाला नव्हता. कामगार पुढारी ना. म. जोशींनी 1924 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आणलं. ते फेटाळलं गेलं. पुढे मुंबईच्या कौन्सिलातले सभासद आसवले यांनी तो विषय पुन्हा धरला. जुलै 1928 मध्ये डॉ. आंबेडकर त्या विधेयकाच्या बाजूने बोलायला उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं यात देशाचंच हित आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, असंही. मला हा दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. सगळा बोजा मालकावर टाकला की मालक बाईलाच दारात उभं करणार नाही, हे उघड होतं. 1929 मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला. बुऱ्हाणपूर तेव्हा मध्य प्रांतातल्या निमाड जिल्ह्यात. इथे तसाच कायदा 1930 मध्ये आला.

भत्ता मिळायचा तर ठरावीक महिने सलग नोकरी झालेली हवी. म्हणजे योग्य वेळी नाव कापलं की झालं, भत्ता वाचला. मोठ्या आजीच्या हसण्यातली गोम ही. 1940 च्या दशकात कामगारांची स्थिती पाहणाऱ्या रेगे समितीच्या चौकशीतही गरोदरपणाची चाहूल लागताच बायकांना कामावरून कमी करण्याची रीत नोंदली गेली.

आता आमच्या गल्लीत गिरणीचा भोंगा कुणाला आठवत नाही, यंत्रमागांची खटखट मात्र थांबत नाही. विजेवर चालणाऱ्या जागी दहा माणसं असली तर कारखाना, अशी जुन्या कायद्याची मोजणी होती. मग एकाच छताखालचे माग वेगवेगळ्या नावांवर टाकले की कारखाना कुठेच उरत नसे, आणि कामगारही नाही. कागदावर तो सगळा घरगुती धंदा. घरात बिड्या वळणाऱ्या बायकांचं थोडं बरं म्हणायचं: 1966 च्या बिडी कामगार कायद्याने घरी बसून काम करणारीलाही कामगार मानलं आणि प्रसूतिलाभाचा कायदा तिला लागू केला. पण ठेकेदाराने तिचं नाव लिहिलं तर. तिथेही हजेरी आलीच.

आरोग्याच्या धोरणात गरिबाची बाजू मांडायची म्हणजे काय, हे मला भाषणांपेक्षा या हजेरीच्या गोष्टीतून जास्त कळलं. ती बाजू लोकांनी स्वतः मांडावी म्हणून 29 जुलै 2004 रोजी भोपाळमध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आणि जन स्वास्थ्य अभियान यांनी पश्चिम विभागाची जनसुनावणी घेतली. ज्यांना दवाखान्याच्या पायरीवरून परत पाठवलं होतं, त्यांनी आयोगासमोर बोलायचं, अशी त्या सुनावण्यांची रीत. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, त्यात लोकांनी सेवेवर देखरेख करायची कल्पना आली. महाराष्ट्रात 2007 मध्ये ज्या पाच जिल्ह्यांत ती सुरू झाली त्यांत अमरावती होता, म्हणजे मेळघाटही. मेळघाटातली धारणी आमच्या शेजारची, बाजारहाटाला तिकडची माणसं बुऱ्हाणपूरला येतात. सीमेच्या त्या बाजूला, महाराष्ट्रात, डॉक्टरला गावासमोर उत्तर द्यावं लागतं, हे ऐकून आमच्या आत्याला खरंच वाटेना. "आपल्या हिकडं डॉक्टर बसतो, आपून उभं ऱ्हातो," ती म्हणाली.

आमच्याच निमाड भागात, बडवानीला, 2010 मध्ये एप्रिल ते नोव्हेंबर या काळात जिल्हा रुग्णालयात पंचवीसएक माता दगावल्या; बहुतेक आदिवासी. डिसेंबरात जागृत आदिवासी दलित संघटनेच्या पुढाकाराने शेकडो माणसं मोर्चाने आली. पुढे सुभा श्री, सरोजिनी आणि रेणू खन्ना या आरोग्य अभ्यासकांनी तिथे जाऊन एकेका मृत्यूची साखळी लावली: कुठे रक्त मिळालं नाही, कुठे एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे पाठवण्यातच वेळ गेला. आजीचा प्रश्न होता, कोनी मोजल्या. इथे त्या मोजल्या गेल्या, तेही अशिक्षित म्हणवल्या जाणाऱ्या माणसांनी रस्त्यावर उतरून आवाज केला म्हणून.

गेल्या वर्षी शेजारच्या सुनेचं ई-श्रम कार्ड पाहिलं, असंघटित कामगारांच्या नोंदणीचं. बारा आकडी क्रमांक, फोटो, नाव, धंदा: माग. आत्याने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "हजेरीत नाव आलं तं मग. आता बाळंतपनाचं कोन देनार?" सुनेला ठाऊक नव्हतं. मी कार्डावरच्या नंबरावर फोन लावून दिला. तिथे आधी भाषा निवडायला सांगतात.