कंपनी विलीन झाली. साठवलेल्या माइल्सचे काय?

१/ पेशवाईत महाराष्ट्रात अंकुशी, चांदवडी असे नाना प्रकारचे रुपये चालत. एका पेठेतला रुपया दुसऱ्या पेठेत नेला, की सराफ त्यावर बट्टा कापत असे. विमान कंपन्यांचे ‘माइल्स’ हे आपल्या काळातले असेच खासगी नाणे. ते पाडणारी कंपनीच दुसरीत विलीन झाली, तर त्याचा भाव कोण ठरवतो? हा इतिहास त्या प्रश्नाचा. 🧵

२/ १९७८ पर्यंत अमेरिकेत विमानाचे भाडे आणि मार्ग सरकारी मंडळ ठरवीत असे. त्या वर्षीच्या कायद्याने हे नियंत्रण उठू लागले आणि भाड्याची चढाओढ पेटली. प्रवासी बांधून ठेवण्यासाठी अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘अ‍ॅडव्हांटेज’ योजना आणली. काही दिवसांतच युनायटेडची ‘मायलेज प्लस’ आली.

३/ कल्पना साधी होती. जितके अंतर उडाल, तितके माइल्स खात्यावर जमा. पुरेसे साठले, की आसन मोफत. मात्र ही बँकेतली ठेव नव्हे. ते कंपनीने दिलेले वचन आहे, आणि नियम बदलण्याचा अधिकार कंपनी स्वतःकडे राखून ठेवते.

४/ १९८८ मध्ये अमेरिकनने आधीच कमावलेल्या माइल्सवरही आसनसंख्या आणि तारखांची बंधने लादली. सभासद न्यायालयात गेले. १९९५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: १९७८ च्या कायद्यामुळे राज्यांचे ग्राहक-संरक्षण कायदे येथे लागू होत नाहीत, करारभंगाचा दावा मात्र करता येईल. थोडक्यात, करारात जे लिहिले आहे तेवढेच सभासदाच्या हाती.

५/ विलीनीकरणात तर वचन देणाराच बदलतो. म्हणून जाणते प्रवासी अशा वेळी तीन गोष्टी पाहतात. भाव: जुन्या एका माइलचे नवे किती? दर्जा: गोल्ड, प्लॅटिनम ही श्रेणी टिकेल का? मुदत: जुन्या योजनेचे लाभ कोणत्या तारखेपर्यंत?

६/ याचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकन आणि यूएस एअरवेज. अमेरिकनच्या पालक कंपनीने नोव्हेंबर २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ९ डिसेंबर २०१३ रोजी विलीनीकरण पूर्ण झाले. पण दोन्ही योजना त्यानंतरही वर्षभराहून अधिक काळ वेगळ्या चालल्या. नियोजनाला वाव मिळाला तो याच मधल्या काळात.

७/ यूएस एअरवेज ‘स्टार अलायन्स’ची सदस्य होती, अमेरिकन ‘वनवर्ल्ड’ची. ३० मार्च २०१४ हा यूएस एअरवेजचा स्टारमधला अखेरचा दिवस ठरला. तिच्या माइल्सवर लुफ्तान्झा किंवा सिंगापूर एअरलाइन्सने जाण्याचा बेत असलेल्यांना त्याआधी आरक्षण उरकणे भाग होते. माइल्स बुडणार नव्हते. त्यांनी उघडणारी दारे बदलणार होती.

८/ मार्च २०१५ मध्ये खाती एकत्र झाली. भाव एकास एक. श्रेणीसाठी मोजले जाणारे माइल्सही जोडले गेले. त्यामुळे निम्मा प्रवास इकडे आणि निम्मा तिकडे केलेला सभासद, एकट्या खात्यावर न गाठलेल्या श्रेणीपर्यंत पोहोचू शकला. दोन्ही खाती वेळेत जोडून ठेवणाऱ्यांचे श्रम सार्थकी लागले.

९/ खरा बट्टा पुढे बसला. २२ मार्च २०१६ पासून मोफत तिकिटांचे नवे दरपत्रक लागू झाले आणि अनेक मार्गांसाठी जास्त माइल्स लागू लागले. १ ऑगस्ट २०१६ पासून माइल्स अंतरावर नव्हे, तर भाड्याच्या रकमेवर मिळू लागले. खात्यावरचा आकडा तोच राहिला, त्याची खरेदीशक्ती घटली.

१०/ आकडा वाढला तरी हुरळून जाण्यात अर्थ नसतो. अलास्का एअरलाइन्सने व्हर्जिन अमेरिका घेतली, तेव्हा ‘एलिव्हेट’च्या एका गुणाला १.३ माइल्स दिले. पण दोन्हींचे माप निराळे होते: एलिव्हेटचे गुण भाड्यावर मिळत, अलास्काचे माइल्स अंतरावर. शेर आणि पायली यांची तुलना नुसत्या आकड्यांनी होत नाही.

११/ भारतात हाच प्रसंग १२ नोव्हेंबर २०२४ रोजी आला. विस्तारा त्या दिवशी एअर इंडियात विलीन झाली. १९३२ मध्ये जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरले, तिथून सुरू झालेली ही कंपनी. ‘क्लब विस्तारा’चे गुण एकास एक भावाने ‘महाराजा क्लब’मध्ये गेले. विस्तारा कोणत्याच जागतिक संघात नव्हती. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे. येथे सभासदांना नवी दारे उघडली.

१२/ निष्कर्ष असा: विलीनीकरणाच्या दिवशीचा भाव बहुधा सन्मानाचा असतो, कारण त्या दिवशी सगळ्यांचे लक्ष असते. झीज नंतर, शांतपणे होते. म्हणून जुनी दारे बंद होण्याआधी वापरावीत, दोन्ही खाती जोडावीत, आणि माइल्स वारसाहक्काच्या सोन्यासारखे जपून ठेवू नयेत. पेठेतला सराफ निदान बट्टा किती, ते रुपया हाती घेतानाच सांगत असे.