पथ्याची भाकरी

अब्बांना मधुमेह असल्याचं कळलं ते १९९६ साली. ते शिंपी. सुईत दोरा ओवता येईना म्हणून चष्म्याचा नंबर काढायला गेले, तर डॉक्टरांनी आधी रक्त तपासून यायला सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. वर्षभरानं एका जुन्या गिऱ्हाइकानं सल्ला दिला, ‘मास्तर, गोळ्या बंद करा. सकाळी कारल्याचा रस घ्या, नुसती ज्वारीची भाकरी खा. साखर मुळासकट जाते.’ अब्बांनी ऐकलं. दोन वर्षांनी त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला. शिलाई मशीन चालवणारा पाय!

दवाखान्यातल्या खाटेवरून त्यांनी मला विचारलं, ‘तू बी.ए. झालास, कविता लिहितोस. मग सांग, भाकरी खोटी होती का?’

मला उत्तर देता आलं नाही. पुढं ते शोधत राहिलो आणि त्या शोधात एक मोठा इतिहास हाती आला. तोच आज थोडक्यात सांगतो.

आपल्याकडच्या वैद्यांना हा आजार फार पूर्वी ठाऊक होता. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात, ती मधासारखी असते, म्हणून मधुमेह. सुश्रुतानं त्याचे दोन प्रकार सांगितले. एक जन्मासोबत येणारा, दुसरा अपथ्यानं होणारा. पहिला रोगी कृश, दुसरा स्थूल. चरकानं प्रमेहाच्या पथ्यात जवाला मान दिला. सुश्रुताचा उपचार तर वाचण्यासारखा आहे. गरीब रोग्यानं पायात वहाण न घालता, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहून शंभर योजनं चालावं. श्रीमंतानं सावा आणि देवभातासारखं रानधान्य आणि आवळा, कवठ अशी फळं खाऊन राहावं, गाईंमागं हिंडावं. आणखी कुणी शेत नांगरावं, नाहीतर विहीर खणावी. म्हणजे खाणं साधं करा आणि अंग हलवा. आजचा डॉक्टर याहून वेगळं काय सांगतो?

तिकडं सुमारे दुसऱ्या शतकात कॅपाडोशियाच्या अरेटियस या ग्रीक वैद्यानं लिहिलं, की या रोगात मांस वितळून लघवीवाटे वाहून जातं. ‘डायबेटिस’ हा शब्द ग्रीकच. आरपार वाहून जाणारं, असा त्याचा अर्थ. अरबीत त्याचं ‘जियाबीतुस’ झालं. अकराव्या शतकात इब्न सीनानं आपल्या ‘अल कानून’ या ग्रंथात या आजाराची तहान आणि वारंवार होणारी लघवी नोंदवली. आमच्या मोहल्ल्यातले हकीमसाहेब हाच शब्द वापरत. वैद्य, हकीम आणि ग्रीक पंडित हे तिघे एकाच रोग्याच्या उशाशी बसलेले असावेत, असं मला वाटतं.

नंतरचा टप्पा भुकेचा. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला. शहरात अन्न मिळेना. तेव्हा बुशार्दा या डॉक्टरांच्या ध्यानात आलं, की उपासमारीत त्यांच्या मधुमेही रोग्यांच्या लघवीतली साखर कमी झाली आहे. पुढं अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांनी १९१५ च्या सुमारास रोग्यांना जवळजवळ उपाशी ठेवण्याचा उपचार रूढ केला. मुलं हाडांचा सापळा होत, पण काही महिने जास्त जगत. पथ्य किती ताणता येतं, याची ती शेवटची हद्द होती. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला इन्सुलिन टोचलं गेलं आणि तो वाचला. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यांना कुठलंही धान्य वाचवू शकत नाही, हे त्या दिवसांत सिद्ध झालं.

आणि आता अब्बांनी टाकून दिलेल्या गोळीची गोष्ट. ती मेटफॉर्मिन होती. युरोपात गॅलेगा नावाची वनस्पती आहे. लोक ती औषध म्हणून वापरत, पण ती खाऊन जनावरं दगावत. तिच्यातल्या द्रव्याच्या जातीतली, पण माणसाला सोसणारी रसायनं शास्त्रज्ञांनी शोधली. मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रथम तयार झालं आणि १९५७ मध्ये पॅरिसच्या ज्याँ स्टर्न यांनी ते मधुमेहावर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. पाला खरा आणि गोळी खोटी, असं मानून अब्बांनी ती फेकली होती. तिचं मूळ पाल्यातच होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

मग भाकरीचं काय? आमचा सोलापूर जिल्हा म्हणजे मालदांडी ज्वारीचा मुलूख. १९७२ च्या दुष्काळात मी दोन वर्षांचा होतो. अम्मा सांगायची, कणगी रिकामी झाली, रेशनवर तांबडी मिलो आली, खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळाली. पुढं रेशनचा गहू-तांदूळ घरात कायमचा राहिला. पोळी ही सुबत्तेची खूण झाली आणि भाकरी गरिबाची. कष्ट कमी झाले, चहातली साखर वाढली. १९८१ मध्ये टोरांटोतच डेव्हिड जेन्किन्स यांनी कोणतं अन्न रक्तातली साखर किती वेगानं वाढवतं याचं कोष्टक मांडलं. चोथा असलेलं, कमी दळलेलं, डाळी-उसळीबरोबर खाल्लेलं धान्य साखर सावकाश वाढवतं. जवातला आणि मेथीतला चिकट चोथा याच कामाचा. पण ज्वारीतही पिष्ट आहेच. चार भाकऱ्या त्या चारच. कारल्याचा थोडा गुण दिसतो, पण पुरावा तोकडा आहे. आणि गोळ्यांबरोबर रसाचे पेलेच्या पेले घेतले, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आता त्यांत मीही आहे. रमजानमध्ये रोजा धरण्याआधी डॉक्टरांना विचारतो. आजाऱ्याला धर्मानंच सवलत दिली आहे, ती नाकारण्यात कसली बहादुरी? ईदला शीरखुर्मा वाटीऐवजी दोन चमचे घेतो. रोज चालतो, भाकरी खातो आणि गोळीही घेतो. रात्री झोपण्यापूर्वी पायांचे तळवे आरशात पाहतो.

अब्बा २००४ मध्ये गेले. त्यांना द्यायचं उत्तर मला उशिरा सापडलं. भाकरी खरी होती, अब्बा. तिच्याकडून गोळीचं काम मागितलं, एवढंच चुकलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)